पारखून घेतलेलं फडकं

एकदा एका तालुक्याच्या गावी, काळ्या दगडाच्या चर्चमागच्या पडवीत, एक वृद्ध शिक्षिका आपल्या शिष्यांना घेऊन गोधड्या शिवत बसे. शिष्या म्हणजे कुणी परकऱ्या पोरी नव्हेत. त्यांत सासुरवाशिणी होत्या, सासवा होत्या आणि नातवंडांना पाठीशी घालणाऱ्या दोन आज्याही होत्या. पण राहेलबाईंसमोर मांडी घातली की साऱ्या शिष्याच होत. कारण अर्ध्या गावाला बाराखडी बाईंनीच शिकवली होती आणि उरलेल्या अर्ध्या गावाच्या लेकरांनाही. शाळेतून निवृत्त झाल्यावर बाईंनी खडू ठेवला आणि सुई उचलली. गावाने त्या बैठकीला 'गोधडी मंडळ' असं नाव देऊन टाकलं, आणि तेच रूढ झालं.

दर गुरुवारी दुपारी मंडळ जमे. घरोघरून आलेली जुनी लुगडी, धोतरं, गुंड्या काढून घेतलेले सदरे यांचा ढीग मधोमध पडे. एकावर एक थर अंथरून बायका चारी बाजूंनी बसत आणि धावदोरा घालू लागत. सुया चालत, आणि सुयांपेक्षा तोंडं जलद चालत. कुणाची सून माहेरी जाऊन बसली, पाळकसाहेबांचा उपदेश या रविवारी किती लांबला, सगळ्याचा समाचार तिथे घेतला जाई. बाई ऐकून घेत आणि मध्येच म्हणत, "अगं, जिभेला नाही, तर निदान दोऱ्याला तरी गाठ मारा. टाका सुटतोय." मग घटकाभर नुसत्या सुया चालत. थंडी सुरू झाली की तयार गोधड्या गावात आणि गावाबाहेर, ज्यांच्या अंगावर पुरेसं पांघरूण नाही अशांना दिल्या जात. घेणारा कोणत्या देवाला मानतो हे विचारायचं नाही, असा मंडळाचा नियम होता आणि तो सर्वांना मान्य होता.

दुसरा एक नियम मात्र कुणालाच कळलेला नव्हता. गोधडी द्यायला गेल्यावर राहेलबाई समोरच्या माणसाकडे एक फडकं मागत. "तुमच्या वापरातलं, धुतलेलं, एखादं जुनं फडकं आम्हाला द्या. पुढच्या गोधडीत लावू." ते मिळाल्याशिवाय त्या उठत नसत. आणलेलं फडकं पुढच्या गोधडीच्या मधोमध बसवलं जाई, काठाला कधीच नाही. मंडळातल्या बायका याला बाईंची खोड समजत. वय झालं की माणसाला एखादी खोड लागतेच, असं म्हणून त्या सोडून देत.

त्या वर्षी मंडळात सुवार्ता नावाची एक तरुण सून आली. ती शिंप्याची मुलगी. तिचा हात असा की टाके मोजून घातल्यासारखे एका ओळीत पडत. स्वभावाने फार हळवी. रस्त्यावरचं कुत्रं लंगडलं तरी हिचा घास अडायचा. राहेलबाईंना ती मनापासून आवडली. आपल्यामागे मंडळ हिनेच सांभाळावं असं त्यांच्या मनात होतं, म्हणून गोधड्या वाटायला जाताना त्या तिला बरोबर नेऊ लागल्या.

पहिल्याच वेळी सुवार्ताला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आठवडेबाजाराच्या ओट्यावर एक म्हातारा राहत असे. त्याच्या पायात चप्पल नव्हती, अंगरख्याला बाह्या नव्हत्या. बाईंनी त्याच्या मांडीवर गोधडी ठेवली आणि लगोलग फडकं मागितलं. म्हातारा गोंधळला. मग त्याने आपलं गाठोडं सोडून पटक्याचा एक तुकडा काढून दिला. बाईंनी तो उजेडात धरला, दोन्ही हातांनी ताणून पाहिला आणि परत केला.

"बाबा, हा फार विरलाय. शिवण धरायचा नाही. दुसरा बघा."

सुवार्ताने मान फिरवली. भिकाऱ्याकडे भीक मागायची, आणि वर ती निवडून घ्यायची! म्हातारा मात्र पुन्हा गाठोड्यात डोकं खुपसून बसला. बऱ्याच वेळाने त्याने दुसरा तुकडा काढला आणि जरा खेकसूनच म्हणाला, "ह्यो बघा. ह्यो तरी चालंल का न्हाई?" बाईंनी तोही ताणून पाहिला, मान डोलावली आणि घडी करून पिशवीत ठेवला.

परतताना सुवार्ताला राहवलं नाही. "बाई, रागावू नका. पण ज्याच्या आडातच नाही, त्याच्याकडून पोहरा भरून कसा मागायचा?"

"तू पाहिलंस ना, त्याच्या आडात होतं," बाई म्हणाल्या आणि रस्ता ओलांडताना तिचा हात धरला. त्याहून अधिक त्या बोलल्या नाहीत. शिकवणाऱ्याने सगळं लगेच सांगून टाकलं की शिकणारा ऐकून घेतो आणि विसरतो, हे त्यांना शाळेतल्या अनुभवाने ठाऊक झालं होतं.

पुढे लवकरच सुवार्ताच्या शंकेला आणखी बळ मिळालं. कापडपेठेतल्या एका शेठजींनी मंडळाला नव्या कापडाचे तागे पाठवले. शेठजी स्वतः चर्चमध्ये जाणारे नव्हते, पण देव कोणत्या दाराने येईल सांगता येत नाही म्हणून सगळ्याच दारांशी सलोखा राखून होते. "बाई, आता लोकांच्या चिंध्या गोळा करणं बंद करा," ते आपुलकीने म्हणाले. "लागेल तेवढं कापड माझ्याकडून न्या." बाईंनी त्यांचे आभार मानले, तागे अस्तराला घेतले, आणि दुसऱ्याच दिवशी एसटी स्टँडवर राहणाऱ्या एका आंधळ्या बाईकडे फडकं मागितलं. सुवार्ता मनातल्या मनात चडफडली. कापडाचा तुटवडा नव्हता हे आता उघड होतं. मग गरिबांना ही तोशीस कशासाठी? गुरूवर श्रद्धा असावी, पण श्रद्धेने लाज झाकली जात नाही, असं तिला वाटू लागलं.

पौषात थंडी वाढली. नदीकाठच्या वीटभट्टीवर परमुलखातून मजूर आले होते. विटांच्याच भिंती रचून, वर पत्रा किंवा कागद टाकून त्यांनी खोपटी उभारली होती. भट्टी आत धगधगत असते, पण ती धग विटांसाठी असते. माणसांच्या वाट्याला नदीवरचा वाराच येतो. मंडळाने तिथे गोधड्या द्यायचं ठरवलं आणि नेमका त्याच सुमारास बाईंचा गुडघा सुजला.

"तू जाऊन ये," त्या सुवार्ताला म्हणाल्या. "आणि मागायला विसरू नकोस."

सुवार्ता विसरली नाही. तिने मागितलं नाही, एवढंच. गोधड्यांचं गाठोडं रिक्षात घालून ती भट्टीवर गेली, खोपटा-खोपटापुढे थांबली आणि प्रत्येकाच्या हातात गोधडी ठेवली. लोकांनी ती घेतली. कुणी कपाळाला लावली, कुणी खाली मान घालून आत नेली. कुणी काही बोललं नाही, आणि तिलाही ते बरं वाटलं. दान असं हलक्या हाताने व्हावं, समोरच्याला ओशाळं वाटू नये, असं तिच्या मनात येत होतं.

शेवटच्या खोपटापाशी एक बाई विटांची चळत लावत होती. उंबऱ्यात तिची लहान मुलगी बसली होती. अंगात फ्रॉक आणि त्यावर सिमेंटच्या पोत्याचा कागद गुंडाळलेला. पोर खोकत होती. तो खोकला छातीतून येत होता. सुवार्ताने एखाद्या लेकरासाठी म्हणूनच सर्वांत जाड गोधडी राखून ठेवली होती, तिने स्वतः शिवलेली. तिने ती पुढे केली.

"नगं ताई," बाई म्हणाली. "आमच्याकडं हाय."

"अहो, लेकरू काकडतंय. घ्या. काही द्यायचं नाही, फुकट आहे."

"म्हनूनच नगं." आणि ती पुन्हा विटांकडे वळली.

 सुवार्ताने गोधडी उंबऱ्यात पोरीच्या बाजूला ठेवली आणि मागे न पाहता निघून आली. दोनच दिवसांनी त्या बाईचा नवरा चर्चच्या फाटकापाशी आला. काखोटीला तीच गोधडी, जशीच्या तशी घडी घातलेली. "कारभारीन म्हनली, दिऊन ये," एवढंच बोलून त्याने ती पायरीवर ठेवली. पोरगी कशी आहे असं सुवार्ताने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "खोकती रातभर. काल ताप बी आला." आणि निघून गेला.

मंडळात एकच गलका झाला. "गरजवंताला अक्कल नसते म्हणतात," एक सासू म्हणाली, "हिला तर गरजेपेक्षा अक्कल जास्त!" दुसरी म्हणाली, "मानाला कवटाळून बसावं स्वतःनं, लेकराला का छळावं?" सुवार्ताला तेच वाटत होतं, आणि शिवाय संतापही येत होता. त्या पोरीचा खोकला तिच्या कानांतून जात नव्हता. तिने एवढ्या मायेने शिवलेली गोधडी पायरीवर पडली होती आणि ते लेकरू कागद पांघरून तापाने फणफणत होतं. तिचे डोळे भरून आले. ती तशीच राहेलबाईंच्या घरी गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

बाई गुडघ्याला शेक घेत होत्या. त्यांनी एकच विचारलं, "तिच्याकडे काय मागितलंस?"

"काही नाही. तिच्याकडेच काय, कुणाकडेच मागितलं नाही." सुवार्ताचा स्वर चढला. "माझ्या जिवाला ते पटत नाही, बाई. ज्या लेकराच्या अंगावर कागद आहे, त्याच्या आईकडे कापड कसं मागू?"

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी शेकाची पिशवी बाजूला ठेवली, काठी मागितली आणि म्हणाल्या, "रिक्षा बोलाव. गोधडी बरोबर घे, पण रिक्षातच राहू दे."

ऊन कलायच्या आत दोघी भट्टीवर पोचल्या. ती बाई चुलीपाशी होती. पोर आतल्या बाजूला जमिनीवर पडून होती, डोळे मिटलेले, गाल लाल. सुवार्ताला पाहताच बाईच्या कपाळावर आठी पडली. राहेलबाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्या दारातल्या विटांवर हाश्शहुश्श करीत बसल्या आणि आधी म्हणाल्या, "पाणी दे गं घोटभर. म्हातारीचा जीव गेला इथवर येताना."

त्या बाईने तांब्या घासला, पाणी भरून दिलं. पाणी पिऊन झाल्यावर राहेलबाईंनी विचारलं, "नाव काय तुझं?"

"द्वारका."

"द्वारका, मी मागायला आले आहे. आम्ही बायका चर्चमध्ये गोधड्या शिवतो. दुकानातलं नवं कापड आमच्याकडे आहे, पण ते अंगाला टोचतं. लेकराच्या अंगाला लागावं तर वापरून मऊ झालेलं सुती पाहिजे. तुझ्याकडे असं काही आहे का?"

द्वारका बघतच राहिली. तिने एकदा या म्हातारीकडे पाहिलं, एकदा सुवार्ताकडे. थट्टा तर नाही ना, हे ती पारखत होती.  मग द्वारका उठली, खोपटाच्या कोपऱ्यातली पत्र्याची पेटी उघडली आणि तळातून एक लुगडं काढलं. हिरवं, धुऊन धुऊन रंग उतरलेलं, एका बाजूने फाटलेलं.

"माझ्या आईचं हाय," ती म्हणाली.

बाईंनी हात पुसून ते घेतलं. गालाला लावलं. उलगडून दाराच्या उजेडात धरलं, काठ पाहिला, मधला भाग दोन बोटांत चोळून पाहिला. एखाद्या पैठणीचा सौदा चालावा तसं त्यांचं चाललं होतं, आणि द्वारका ताठ उभी राहून पाहत होती.

"पदर तुझ्याकडे राहू दे," शेवटी त्या म्हणाल्या. "काठही ठेव. आईची आठवण आहे. मला हा मधला एवढा तुकडा पुरे. कसं विणलंय बघ, सुवार्ता! असं सूत आता मिळत नाही."

"अजून घ्या की," द्वारका म्हणाली. "येवढ्याशानं काय व्हतंय?"

"एवढाच पुरे."

"मग लावनार कुठं? कडंला नगा लावू. पायाखाली जाईल."

"मधोमध लावू. छातीवर येईल असा."

द्वारकाने विळीवर कापड धरून टर्रकन तुकडा फाडला, त्याची नीट घडी केली आणि दोन्ही हातांनी बाईंना दिला. मग ती चुलीकडे वळली, चहाचं आधण ठेवलं. दूध नव्हतं; गुळाचा काळा चहा तिने दोघींना दिला आणि स्वतःही घेऊन बसली. भट्टीचा मालक कसा आहे, गावाकडे पाऊस कसा दगा देतो, पोरीला गेल्या साली गोवर आला होता, असं कितीतरी ती बोलली. चहा संपल्यावर ती जराशी थांबली आणि सुवार्ताकडे वळून म्हणाली, "ताई, ती गोधडी... आनलीया का?"

सुवार्ता रिक्षाकडे धावत गेली. गोधडी आणून तिने द्वारकाच्या हातात दिली. द्वारकाने ती हातावर तोलली, टाके पाहिले, "बरी शिवलीया" म्हणाली आणि पोरीला तीत गुंडाळून मांडीवर घेतलं. पोरीने डोळे न उघडताच गोधडीचा काठ मुठीत धरला. राहेलबाई म्हणाल्या, "आता हिला डॉक्टरकडे न्यायचं. रिक्षा उभीच आहे." या वेळी द्वारका नाही म्हणाली नाही. पोरीला घेऊन ती रिक्षात बसली.

दवाखान्यातून औषध घेऊन मायलेकी भट्टीवर पोचल्या आणि या दोघी घराकडे निघाल्या, तेव्हा सुवार्ता म्हणाली, "बाई, मला वाटत होतं की तुम्ही त्यांच्याकडून घेता."

राहेलबाईंनी सुजलेल्या गुडघ्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "सुवार्ता, गरीब माणसाकडून जग पुष्कळ घेतं. त्याचा घाम घेतं, झोप घेतं, उमेद घेतं. पण त्याच्याकडे मागत कुणी नाही. मागावं असं त्याच्यापाशी काही असेल, असं कुणाच्या मनातही येत नाही. तू गोधडी घेऊन उभी राहिलीस, तेव्हा आपल्याच दारात द्वारका याचक झाली. तिने ते नाकारलं. तुम्हा साऱ्यांना तो गर्व वाटला, पण आपल्या लेकीला याचकाची लेक करायची नाही, एवढंच तिला हवं होतं. मी मागितलं, तेव्हा ती घरधनीण झाली. घरधनीण आल्यागेल्याला रित्या हाताने पाठवत नाही. आणि घरधनिणीने कुणाची भेट घेतली तर त्यात कमीपणा कसला?"

"पण त्या बाजारातल्या बाबांचा तुकडा तुम्ही परत केला होता..."

"कीव आली म्हणून घेतला असता तर ती चिंधीच राहिली असती. पारखून घेतलं की ते कापड होतं. तो खेकसला माझ्यावर, ऐकलंस ना? किती दिवसांनी त्याला कुणावर खेकसायला मिळालं असेल!" बाई हसल्या. मग सुवार्ताच्या खांद्याचा आधार घेऊन पायरी चढताना म्हणाल्या, "तुझी कणव खरी आहे, पोरी. ती सोडू नकोस. फक्त तिला थोडं खाली बसायला शिकव."

सुवार्ताला त्या रात्री वीटभट्टीवरची बाकीची खोपटी आठवत राहिली. तिथे कुणी नाकारलं नव्हतं, म्हणून तिने ती वाटणी नीट पार पडली असं मानलं होतं. खाली घातलेल्या माना तिने पाहिल्या होत्या, आणि त्यांना समाधान समजून ती घरी आली होती. तिला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती रिकामी पिशवी घेऊन पुन्हा भट्टीवर गेली. द्वारकाच्या पोरीचा ताप उतरला होता; ती गोधडीत बसून गूळ चाटत होती. तिथून सुवार्ता पहिल्या खोपटापाशी आली. आत एक प्रौढ मजूर चिलीम झाडत बसला होता. तिला पाहून तो लगबगीने उठला आणि त्याने सवयीने मान खाली घातली. आज काय देणार, असा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर होता.

सुवार्ताने रिकामी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मागणं देण्यापेक्षा किती अवघड असतं, हे तिला तेव्हा कळलं. तिचे कान तापले. "दादा," ती कशीबशी म्हणाली, "आज मी मागायला आले आहे. तुमच्या वापरातलं एखादं जुनं कापड असेल तर द्या. आम्हाला गोधडीत लावायचं आहे."

तो चकित झाला. आत गेला. बराच वेळ काहीतरी उचकत राहिला. मग एक सदरा घेऊन बाहेर आला, पाठीवर विरलेला, पण बाह्या धड. सुवार्ताने तो उजेडात धरला, बोटांनी ताणून पाहिला.

"पाठ चालणार नाही, दादा. बाह्या घेते."

"बाह्या घ्या की! लगीन झालं तवाचा सदरा हाय," तो म्हणाला, आणि स्वतःच बसून दातांनी टाके तोडून बाह्या सोडवू लागला. काम करता करता त्याने मान वर केली, तिच्याकडे सरळ पाहिलं आणि विचारलं, "ताई, तुमचं नाव काय म्हनायचं?"

गोधडी देऊन गेली तेव्हा हे तिला तिथे कुणीही विचारलं नव्हतं.

"सुवार्ता," ती म्हणाली. मग विटांवर त्याच्यासमोर बसली आणि सोडवलेली बाही हातात घेत तिने विचारलं, "आणि तुमचं?"